घुंगरू सोडलेला पडदा

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, पडदे असतात. त्यात एकाच फेरीवाल्याकडून सगळ्या आळीनं सारखेच निळे पडदे घेतले, तर काय होतं ते मला विचारा.

मी इथं भाड्यानं राहून सोनईत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. त्या संध्याकाळी घसा बसलेला, जीपमध्ये अंग आंबलेलं. पडदा सारला आणि खाटेवर पडले, ती पडलेच. जाग आली तेव्हा अंगावर अनोळखी वाकळ, आणि समोर पाण्याचा तांब्या घेऊन शेजारचा गहिनीनाथ... देवळाबाहेर पूजेच्या तेलाचं दुकान चालवणारा, येता-जाता नुसतंच हसणारा.

"आई म्हनली, उठवू नको. पोर लई दमलीया."

गॅसपाशी त्याची आई, चांगुणाकाकू, खुशाल भाकरी थापत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी... मिक्स अप झालं."

"म्हंजी?"

कितीही दमले तरी मास्तरकी सुटत नाही. "एकाच्या जागी दुसरंच धरणं. तुमचं घर माझं समजले, तसं. दोन गोष्टी एकत्र कालवल्या, तरी मिक्स अप. आणि माणूसच गोंधळला, तर तो मिक्स्ड अप."

"मग मी शेवटचा," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पडद्याला बैलाचं घुंगरू बांधलेलं. "आता न्हाई चुकायच्या, मॅडम." मला उगाचच वाईट वाटलं.

मग रोज जीपमधून उतरले की दुकानापाशी दोन मिनिटं थांबणं आलं.

"आज तेलाच्या बाटल्या मिक्स अप झाल्या. बरुबर हाय का?"

"बरोबर आहे. पण का झाल्या?"

"तुमची जीप आली ना..."

दिवसभरात मी हसायचे ती तेवढीच.

एके दिवशी कर्जतहून माझ्या वडिलांचा, आप्पांचा फोन आला. "स्नेहल, मुलगा चांगला हाय. सकाळपर्यंत होकार सांग." चांगला होता, हीच तर अडचण! नाही म्हणायला बळ लागतं, आणि माझ्यात ते उरलं नव्हतं. होकार सोपा वाटत होता.

येताना गहिनीनाथला सांगितलं. तो बाटली भरत होता. तेल वर आलं, हातावरून ओघळलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"चांगलं हाय," एवढंच म्हणाला, आणि दुकान तसंच टाकून घरी गेला.

मी मागून आळीत पोचले. वारा होता, पडदे हलत होते, पण घुंगरू वाजत नव्हतं. त्याचा पडदा मोकळाच होता.

"घुंगरू कुठं गेलं?" मी बाहेरूनच विचारलं.

आतली पावलं पडद्यापाशी आली. मग... "सोडलं."

"का?"

"तुमी पुन्यांदा चुकाल, म्हनून."

"आणि नाही चुकले तर?"

"तर... मलाच यावं लागंल तुमच्याकडं. भ्या वाटतं, पर येईन."

माझे पाय दुखत होते, डोळे मिटत होते, आणि तरी मला तो हवा होता. अगदी तोच. मी तिथंच उभं राहून फोन लावला.

"आप्पा, त्या लोकांना नकार कळवा. मला इथला एक माणूस आवडलाय. तेलाचं दुकान आहे त्याचं... हो, हो, रागवा, पण उद्या. आज मी फार दमलेय."

आत तांब्या खाली पडल्याचा आवाज आला. पडद्याआडून सगळं ऐकू जातं.

"काकू, माझीही भाकरी टाका," मी म्हणाले आणि पडदा सारला. "आज चुकून नाही आले."