वळण आलं की सांगा

"ही सूचना तुम्ही लावलीत?"

लिफ्टच्या दारापाशी उकिडवी बसलेल्या सुपरवायझरने मान वर केली. समोर एक उंच, धापा टाकणारा माणूस. बाहीवर निळा रंग सांडलेला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, आणि हातात तिनेच मघाशी चिकटवलेला कागद – फाडून काढलेला.

"मीच लावली. सरळ लागावी म्हणून तीनदा चिकटवली होती," ती म्हणाली.

"छान लागली होती! 'दोर बदलायचा असल्याने लिफ्ट बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तळमजल्यावर! मला एक सांगा, ज्याला खाली उतरताच येत नाही त्याने ही वाचायची कशी? खिडकीतून दुर्बीण लावून?"

असल्या माणसांना द्यायचं उत्तर कंपनीने तिला पढवलेलं होतं. आवाज मऊ ठेवायचा, 'आपली अडचण आम्ही समजू शकतो' म्हणायचं आणि काही एक समजून घ्यायचं नाही. ते वाक्य जिभेवर आलं, आणि तिथेच अडकलं. कारण माणूस खरं बोलत होता. इतकी वर्षं ती लिफ्ट बंद करत आली होती आणि दर वेळी सूचना खालीच लावत आली होती. वर कोण राहतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. कुणी विचारायला सांगितलंही नव्हतं. यंत्राचं वय, वजन, वेग... सगळं विचारायचं, फक्त माणूस सोडून.

"वर कोण आहे?" तिने विचारलं.

"वडील. पाचव्या मजल्यावर. दिवसाआड त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करून आणावं लागतं. आजची वेळ अकराची आहे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "एकदाच चालवा ना. त्यांना खाली आणतो, मग खुशाल बंद करा."

"नाही."

"फक्त एकदा –"

"चला माझ्याबरोबर."

तिने त्याला लिफ्टच्या खड्ड्यापाशी नेलं आणि आतल्या दोरावर बॅटरी मारली. जाड पोलादी दोर, पण एका जागी तारा तुटून झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. त्याने नकळत हात पुढे केला. तिने मनगट धरलं.

"हात लावू नका, रक्त निघेल. या दोरावर मी माझ्या बापाला बसवणार नाही. तुमच्या बापाला का बसवू?"

त्याने मान खाली घातली. चिडलेला माणूस बरा, असं तिला वाटून गेलं – हा खचलेला बघवत नव्हता. मनगट अजून आपल्याच हातात आहे, हे तिला जरा उशिरा कळलं. सोडलं तेव्हा तिथे ग्रीसची चार बोटं उमटली होती.

"घरात हातांची खुर्ची आहे? भक्कम?" ती म्हणाली.

मागे उभा असलेला तिचा म्हातारा मिस्त्री खाकरला. "पोरी, साहेबांना विचारायचं का एकदा?"

"विचारलं तर ते नाही म्हणतील. मग मला त्यांचं ऐकावं लागेल."

मिस्त्रीने जरा विचार केला आणि खड्ड्यात उतरताना कमरेला बांधायचे पट्टे खांद्यावर टाकले.

वडील तयार होऊनच बसले होते. केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. सगळी हयात त्यांनी बस चालवण्यात काढली होती, हे त्यांच्या तोंडून पहिल्याच वाक्यात कळलं. "गाडी उशिरा आली," ते म्हणाले. "आमच्या वेळी असं चालत नव्हतं."

पट्ट्यांनी त्यांना खुर्चीशी बांधलं. मुलगा मागून पाठ धरणार, मिस्त्री बाजूने चालणार. राहिली खालची बाजू. तिथे सगळं वजन येतं, आणि उलटं उतरावं लागतं, पायरी न बघता. मुलाने मिस्त्रीकडे पाहिलं.

"तिकडे काय बघता?" ती म्हणाली. "लिफ्ट मी बंद केली. खाली मी असणार."

"तुम्हाला दिसणार कसं?"

"तुम्हाला दिसतंय ना? मग सांगा. पायरी आली की पायरी म्हणा. वळण आलं की सांगा."

आणि ते निघाले. पायरी... पायरी... पायरी... त्याचा आवाज वरून, तिचे पाय खाली. मध्ये म्हाताऱ्याचं डोकं, आणि त्या डोक्यावरून दोन माणसं एकमेकांकडे बघताहेत – दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. त्याच्या भुवईवरही निळा रंग आहे, हे तिला चौथ्या मजल्यावर दिसलं.

"भुवई रंगवता का रोज?"

"मुलांना चित्रकला शिकवतो. रंग कुठे लागतो ते माझ्या हातात नसतं. वळण! डावीकडे."

"गाडी चालवतंय कोण?" खुर्चीतून प्रश्न आला.

"मी, बाबा," ती म्हणाली.

"रिव्हर्समध्ये?"

"रिव्हर्समध्ये."

"शाबास. आणि हा माझा मुलगा कंडक्टर. नुसता ओरडतोय." म्हातारा खुशीत आला. "ड्रायव्हर, ब्रेक हळू मारा हं."

दुपारी तेच ओझं परत वर चढवलं. तिच्या खांद्यांची पार वाट लागली. दारात चित्रकलेच्या मास्तरने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "सकाळी ओरडलो..."

"बरोबरच ओरडलात. चपला मात्र बदला. एक काळी, एक तपकिरी."

त्याने खाली पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसला.

साहेबांचा फोन आलाच. कुणी रहिवाशाने कौतुकाने कळवलं होतं. कौतुकाने केलेली चुगली सगळ्यांत वाईट.

"आपण लिफ्ट बसवतो, माणसं उचलत नाही," साहेब म्हणाले. "म्हातारा पडला तर कंपनीचं नाव जाईल. पुन्हा हा प्रकार झाला तर उद्यापासून येऊ नका."

म्हातारा पडला तर म्हाताऱ्याचं काय जाईल, हे त्यांना सुचलं नाही. अशी माणसं वर चढतात ती लिफ्टने चढतात, म्हणून त्यांना जिना माहीत नसतो.

"कामाच्या वेळेत नाही करणार, साहेब," ती म्हणाली आणि दिवसाआड अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिच्या हाताखालच्या कुणालाही तिने 'चल' म्हटलं नाही. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा मिस्त्री जिन्याशी विडी विझवत उभा, आणि त्याच्या शेजारी तिचा दुसरा मेकॅनिक, लंबू.

"तुम्ही कशाला आलात?"

"रजेवर आहोत," लंबू म्हणाला. "रजेत माणसाने कुठल्या जिन्यात फिरावं, हे कंपनी ठरवणार का, ताई?"

नवा दोर यायला पंधरवडा लागणार होता, आणि तो पंधरवडा तिला हळूहळू आवडू लागला. याची तिला लाजही वाटली. एका माणसाचा जीव टांगणीला, आणि आपण आरशात बघून निघतो? पण निघत होती खरी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सकाळचं ऊन मास्तरच्या चेहऱ्यावर यायचं, आणि नेमकं तिथेच तिचे हात खुर्चीत अडकलेले असल्याने सुटलेली बट मागे सारता यायची नाही. तो बघायचा. म्हणायचा फक्त, "पायरी..."

"माझ्या डोक्यावरून काय चाललंय ते मला कळत नाही, असं समजू नका," एकदा म्हातारा म्हणाला.

"काय चाललंय, बाबा?"

"वाहतूक."

आणि मग तो दिवस. दुसऱ्या मजल्यापाशी ती लंबूच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली. मास्तर बघत राहिला... बघतच राहिला... आणि वळण सांगायचं राहून गेलं.

तिचं कोपर भिंतीवर आदळलं, पाय हुकला, खुर्ची कलली. मिस्त्री आणि लंबू दोन्ही बाजूंनी झेपावले. म्हाताऱ्याने कठड्याची सळई गच्च धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

"वळण होतं," ती कुजबुजली.

"माझं लक्ष..." मास्तरचा चेहरा राखेसारखा झाला. "माझं लक्ष नव्हतं."

त्याचं लक्ष कुठे होतं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्यालाही. पण त्या दिवशी त्यानेही थट्टा केली नाही.

त्यानंतर मास्तर फक्त पायऱ्या सांगू लागला. नजर पायरीवर, आवाज कोरडा. तिने एकदा विचारलं, "आज भुवई हिरवी?" तर म्हणाला, "पायरी." तिला राग आला – आणि त्या रागाखाली हेही कळत होतं, की तो वागतोय ते बरोबर आहे. बाप हातात असताना माणसाने प्रेमात पडू नये. पण मग पडावं कधी?

दोर आला. तिने स्वतः खड्ड्यात उतरून तो बसवला, वजन टाकून तपासला, आणि वडिलांना घेऊन पहिली फेरी मारली. पाच मजले, एक मिनिटही नाही. "फार पळवली," म्हातारा उदास होऊन म्हणाला. "बोलायला वेळच मिळाला नाही." मास्तरने हात जोडले, आभार मानले. तिने अवजारांची पेटी उचलली. संपलं.

साहेबांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. म्हाताऱ्याला जिन्याने उतरवल्याबद्दल एका बड्या माणसाने कंपनीची पाठ थोपटली, तेव्हा साहेबांनी बैठकीत हाच किस्सा 'आपली परंपरा' म्हणून सांगितला. ती मागच्या खुर्चीत बसून ऐकत होती. पुढची लिफ्ट बंद करण्याआधी मात्र ती त्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यापर्यंत चढली आणि प्रत्येक दार वाजवलं – "उतरता न येणारं घरात कुणी आहे का?" दुसऱ्या कामावर पोचायला तिला उशीर झाला, तर लंबूने आधीच चार मजल्यांची दारं वाजवून ठेवली होती. तिने त्याला सांगितलं नव्हतं.

असंच एक दार वाजवलं, तर आत एक मावशी निघाल्या. पाय प्लास्टरमध्ये, दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि लिफ्ट तेव्हा बंद असणार होती. नेमकी त्या सकाळी मिस्त्रीची पाठ धरली.

"वरच्या बाजूला माणूस लागेल," ती म्हणाली.

"सांगितलाय," मिस्त्री म्हणाला आणि उगाच छताकडे बघू लागला.

जिन्यात पावलं वाजली. मास्तर. बाह्या दुमडलेल्या, चपला एकाच रंगाच्या.

"तुम्ही?"

"शाळा दुपारची आहे." त्याने खुर्चीची पाठ धरली. मग तिच्याकडे नीट पाहिलं, तेवढंच एकदा. "मला तुमच्याशी बोलायचंय. पण जिन्यात बोलणार नाही. खाली टेकवल्यावर सांगतो."

"काय सांगणार?"

"पायरी."

चार मजले. तिच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब चार मजले. त्याने एकदाही नजर उचलली नाही, एकही वळण चुकवलं नाही, आणि त्या कोरड्या आवाजात किती काळजी भरलीय, हे तिला प्रत्येक पायरीला ऐकू येत गेलं. हा माणूस आपल्याकडे बघत नाही, कारण आपण उलटे चाललोय...

मावशी गाडीत बसून गेल्या; डॉक्टरांकडून त्या थेट लेकीकडे राहायला जाणार होत्या. लंबूला आणि मिस्त्रीला अचानक कसलंसं काम आठवलं. रिकामी खुर्ची दोघांच्या मध्ये.

"बोला," ती म्हणाली.

"त्या दिवशी वळण राहिलं, कारण तू हसलीस," तो म्हणाला. "मी ठरवलं, आता बघायचंच नाही. बाबांना सुखरूप उतरवलं. पण लिफ्ट सुरू झाली आणि... बाबा रोज विचारतात, ड्रायव्हर कुठे गेली? मी म्हणतो, माहीत नाही. खोटं बोलतो. रोज मिस्त्रीकाकांना फोन करून विचारतो, आज कुठल्या जिन्यात आहात."

"रोज?"

"रोज."

"म्हणून काकांची पाठ धरली?"

"ती खरंच धरली असेल," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते पटलं नाही.

ती हसली. या वेळी तो बघत राहिला, आणि कुणीही पडणार नव्हतं. तिच्या हाताला ग्रीस होतं; तरी तिने त्याचं मनगट धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तिथेच.

"बाबांना सांग, संध्याकाळी ड्रायव्हर चहाला येतेय. जिन्याने."

"लिफ्ट आहे की आता! तूच दुरुस्त केलीस."

"लिफ्टला एक मिनिटही लागत नाही." तिने खुर्चीचा एक हात उचलला. "चल, ही वर पोचवायचीय."

"उलटं कोण चालणार?"

"रिकामी आहे रे. कुणीच नाही."

त्याने दुसरा हात उचलला, आणि दोघं शेजारीशेजारी, जिन्याकडे तोंड करून, चढू लागली.