दाराच्या तोकड्या फळ्या

मागच्या खोपटाचं दार उघडलं आणि फुमिनो किंचाळलीच. आत फळ्यांच्या ढिगावर एक अनोळखी माणूस भाताचा गोळा खात खुशाल बसला होता! तिच्या हातात होता मुळा. तोच तिनं उगारला.

"अहो, मारू नका! सुतार आहे मी," घास कसाबसा गिळत तो म्हणाला. "गेन्पेईकाकांचा पुतण्या, तेत्सुरो. काकांची कंबर धरलीय, म्हणून हिवाळाभर मी त्यांच्याकडेच आहे. यंदा मलाच पाठवलं."

"आणि हाक मारायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"मारली की. पण तुम्ही आत... रडत होता. मग म्हटलं, पाऊस ओसरेपर्यंत इथंच बसावं."

फुमिनोचा मुळा हळूच खाली आला.

रडत होतीच ती. उन्हाळ्यात बाबा गेले आणि त्यांच्या सोबा शेवयांच्या दुकानातली चूल विझली, ती विझलीच. आता नोव्हेंबरचा हा गारठलेला पाऊस... पाठोपाठ बर्फ येणार, खिडक्यांच्याही वर चढणार. त्याच्या भारानं काचा फुटू नयेत म्हणून गावभर खिडक्यांना बाहेरून फळ्या बसवायचं काम चाललं होतं. एकदा फळ्या बसल्या की मार्चपर्यंत दुकानात भरदुपारीही अंधार.

"सगळं बंद करायचंय," ती म्हणाली. "दारसुद्धा. गुरुवारी मी सेन्दाईला ताईकडे चाललेय. कायमची."

"दारसुद्धा?" त्यानं विचारलं. मग पहिली फळी उचलली.

प्रत्येक फळीवर बाबांनी कुंचल्यानं लिहिलेलं अक्षर होतं – 'स्वयंपाकघर, खालून पहिली'. ती वाचून द्यायची, तो खाचेत सरकवायचा. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. फळी नुसती टेकवली की चपखल बसायची. पुन्हा हात लावायला नको. आणि दर फळीगणिक आतला उजेड कमी होत होता.

"हलू नका," तो एकदम म्हणाला.

"का?"

"केसांत किडा आहे. तो घाण मारणारा. घाबरला तर दोन दिवस वास जायचा नाही."

ती श्वास रोखून उभी राहिली. त्याची गार बोटं तिच्या कानाजवळ आली... थांबली... जरा जास्तच थांबली.

"निघाला का एकदाचा?"

"निघाला कधीच."

"मग हात काय शोधतोय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "यंदा हे किडे फार निघालेत. म्हणजे बर्फ जबरदस्त पडणार," असं काहीतरी पुटपुटला. कितीतरी दिवसांनी फुमिनोला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लगेच अपराध्यासारखंही वाटलं.

खिडक्या संपल्या. राहिलं दार. पण दाराच्या फळ्या काही सापडेनात. खोपट पालथं घातलं, माळा शोधला, छे! आणि मग तिच्या लक्षात आलं. त्या नव्हत्याच मुळी. बाबांनी हिवाळ्यात हे दार कधी बंदच केलं नव्हतं, तर फळ्या कशाला करून ठेवतील? ती उंबऱ्यावरच मटकन बसली.

"नव्या कापून आणतो," तेत्सुरो हळूच म्हणाला आणि दाराचं माप घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आणल्या, तर वीतभर तोकड्या. "चुकलं माप," म्हणत परत घेऊन गेला. गुरुवारी सकाळी पुन्हा आला. फुमिनोची बॅग भरून दारात तयार होती. त्यानं फळी लावली... पुन्हा वीतभर तोकडी!

"तेत्सुरो-सान," ती म्हणाली, "एवढ्या खिडक्यांत तुमचा हात केसभर चुकला नाही. आणि दारालाच दोनदा चुकतो?"

तो पायांकडे बघत राहिला. "चुकला नाही. मुद्दामच तोकडी कापली... बंद करवत नाही हो मला हे दार. तुम्ही जाणार, आणि मी काय येता-जाता फळ्यांकडे बघत बसू? आवडता तुम्ही मला. झालं... बोललो."

ढगांत गडगडलं. पहिल्या बर्फाआधी गडगडतं, तसं.

"बाबांशिवाय इथला अंधार मला खायला उठतो," ती म्हणाली. "मार्चपर्यंत एकटीनं नाही निभायचं."

"एकटीनं कशाला? छपरावरचा बर्फ काढायला मी रोज येईन. वाडगाभर शेवया द्याल ना?"

"सवय मोडलीय माझी. रस्सा खारट होईल."

"होऊ दे."

तिनं डोळे पुसले. बॅग उचलली आणि आत, भिंतीशी नेऊन ठेवली. "करवत आणा."

"ती कशाला?"

"या फळ्या चुलीच्या मापानं कापायच्यात."

"अहो, कोरं देवदाराचं लाकूड आहे!"

"तोकडं आहे ना? मग! आता तरी नीट मोजा."

ओलसर लाकडानं चूल नुसती धुमसली. धुरानं दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यातलं धुराचं किती, ते कुणी विचारलं नाही. खिडक्या सगळ्या बंद होत्या. बर्फ पडायला लागलेला दोघांना दिसला, तो दारातूनच.