दोघी एक नाहीत

उद्यापासून या टेबलावर तुम्ही बसणार, तर दोन गोष्टी सांगून ठेवते. खुर्ची डावीकडे कलते, तिच्या पायाखाली पुठ्ठा सारायचा. पंखा लावलात की कागद उडतात. आणि हा वरचा दिवा बंद करू नका. तळघरात भर दुपारीसुद्धा अंधारच असतो. पूर्वी इथे हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी ठेवायचे. चादरी गेल्या, पण ओल्या कापडाचा वास अजून भिंतींतून येतो. त्याची सवय होते.

काम तसं सोपं आहे. पाच हॉस्पिटलं, पाच ठिकाणचे पाच वेगळे संगणक, आणि इतकी वर्षं एकमेकांशी अबोला धरलेल्या जावांसारखे. एकाच माणसाची एक नोंद इथे, दुसरी तिथे, आणि इथलं औषध तिथल्या डॉक्टरला माहीत नाही. आता सगळ्या नोंदींचं मिळून एकच घर केलंय. कुलूपबंद, अंगठा लावल्याशिवाय कुणाला आत शिरता येत नाही. पेशंट कुठेही गेला तरी डॉक्टरला त्याचं सगळं दिसणार. चांगलं काम आहे, मी त्याच्या बाजूची आहे. माझं भांडण या कामाशी नाही.

यंत्र तुमच्यासमोर दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवतं आणि विचारतं, ही दोन माणसं एकच आहेत का. खाली जुळण्याची कारणं देतं आणि स्वतःची खात्री टक्क्यांत सांगतं. ‘होय’ दाबलंत की दोन्ही नोंदी मिसळून एक होतात. ‘नाही’ दाबलंत तर यंत्र कारण लिहायला लावतं. दिवसभर हेच. मान दुखते, बाकी काही नाही.

तर एक जोडी रोज येईल. तिला ‘नाही’ म्हणायचं. का, ते ऐकून घ्या.

माझी आई घरात पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. याच इमारतीत, वरच्या वॉर्डात तिला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. मी रजा मागितली तर आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, मुदत संपत आलीय. त्या दुसरं काही बोलतच नाहीत, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना मुदतबाई म्हणतो. मग मी खाली काम करायचे आणि मध्ये मध्ये वर जाऊन आईच्या शिव्या खाऊन यायचे.

त्या दुपारी जोडी आली. डावीकडे माझी आई. उजवीकडे दुसऱ्या हॉस्पिटलातली एक बाई. नाव तेच, जन्मतारीख तीच. खुब्याचं हाड मोडलेलं. नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं, ऑपरेशनच्या टेबलावर मृत्यू. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचा रक्तगट ओ, त्या बाईचा बी. म्हणजे चुकून ‘होय’ दाबलं गेलं असतं तर उद्या ऑपरेशनच्या वेळी आईला भलतंच रक्त चढलं असतं. मी ‘नाही’ दाबलं आणि कारण लिहिलं, एक वारली आहे, दुसरी वर वॉर्डात माझ्याशी भांडते आहे.

पाणी पिऊन आले तर जोडी परत समोर. एक कारण वाढलं होतं, डाव्या मनगटावर भाजल्याची खूण.

मी वर गेले. आई उशीला टेकून बसली होती. तिचा डावा हात उलटा करून पाहिला. मनगटावर पांढुरकी, सुरकुतलेली खूण होती.

“ही कधी झाली गं?”

“ही होय? जुनीच आहे की. तू कधी नीट बघतेस कुठे माझ्याकडे.”

या हाताने मला भरवलंय. याच हाताचे धपाटे मी खाल्लेत. त्यावर असली खूण कधीच नव्हती.

खाली आले तेव्हा खात्री वाढून नव्वदच्या पुढे गेली होती. आणि तुम्हाला सांगते, त्याच आठवड्यात मुदतबाईंनी नवा नियम केला होता. यंत्राची खात्री पंचाण्णव टक्क्यांवर गेली की माणसाला विचारायचं नाही, जोडी आपोआप मिसळायची. कामाचा उरक वाढावा म्हणून. मी ‘नाही’ दाबत होते, जोडी परत येत होती, आणि दर वेळी टक्का वर सरकत होता. नोंद माझ्या आईसारखी होत नव्हती. माझी आई नोंदीसारखी होत होती.

तेवढ्यात वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. ती दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, तुमच्या आईचा रक्तगट ओ होता ना… आत्ता तपासला तर बी आलाय. दोनदा केला. लॅबवाले म्हणतात, असं होत नसतं.”

पडद्यावर नवं कारण उमटलं, रक्तगट तोच. चौऱ्याण्णव टक्के.

मी मुदतबाईंच्या खोलीत घुसले आणि म्हटलं, तो आपोआपचा नियम आत्ताच्या आत्ता बंद करा. त्या म्हणाल्या, योगायोग असेल, एका जोडीसाठी सगळी व्यवस्था थांबवता येत नाही, आणि मुदत…

“तुमची मुदत गेली उडत,” मी म्हटलं. “आधी खाली चला.”

त्या कपाळाला आठ्या घालून आल्या. मी उजवीकडच्या नोंदीवर बोट ठेवलं. निकडीच्या वेळी कुणाला कळवायचं, तिथे मघाशी काही नव्हतं. आता तिथे माझं नाव होतं. नातं, मुलगी. पुढे माझा फोन नंबर होता. तो नंबर मी गेल्याच महिन्यात घेतला होता आणि ती बाई कैक वर्षांपूर्वी गेलेली. मुदतबाईंनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या खुर्चीत बसल्या, स्वतःचा अंगठा लावला आणि नियम बंद केला. माणूस म्हणून वाईट नाहीत त्या. उठताना मात्र पाठीमागे न बघता, भिंतीला हात लावत जिन्याकडे गेल्या.

मी एकटी उरले. यंत्राची घरघर मंदावली. ओल्या कापडाचा वास इतका दाटला की घशात बसला. त्यात आणखी एक वास होता, इस्त्री विसरून राहिल्यावर कापड करपतं तसा. पडद्यावर खात्री शंभराला लागली होती आणि खाली प्रश्न होता, ही दोन माणसं एकच आहेत का. खुर्चीच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश… अडखळत…

“एकच आहोत गं आम्ही…”

मी मागे वळले नाही. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला होता.

“नाही,” मी म्हटलं.

“दाब ना… तेवढं एक दाब… मी आईच आहे तुझी… किती दिवस एकटी पडून आहे गं…”

आवाज हुबेहूब आईचा होता. तरी तिथेच तिचं पितळ उघडं पडलं. माझ्या आईने उभ्या जन्मात कुणापुढे पदर पसरला नाही. तहान लागली तरी ती पाणी मागत नाही, पाणी आणायला फर्मावते. कारणाच्या चौकटीत मी तेच लिहिलं, माझी आई विनवण्या करत नाही. आणि ‘नाही’ इतक्या जोरात दाबलं की नख तुटलं.

मागचा श्वास थांबला. टक्का घसरू लागला. मी तशीच बसून राहिले आणि तो पार खाली गेल्यावरच वर धावले. आईचं मनगट साफ होतं. लॅबने तिसऱ्यांदा रक्त तपासलं, ओ. नर्स माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आई म्हणाली, “घामाघूम काय झालीस? जा, तोंड धू आधी.” तिच्या गळ्यात पडून रडले मी. तिला आवडलं नाही, पण रडू दिलं.

ऑपरेशन नीट झालं. आई आता काठी घेऊन घरात फिरते आणि मला धारेवर धरते. जोडी मात्र रोज सकाळी येते. दर वेळी एखादं नवं कारण घेऊन येते, मी रोज ‘नाही’ म्हणते. मला वाटलं होतं, एक दिवस तिलाच कंटाळा येईल.

काल सकाळी कारणांच्या जागी एकच ओळ होती. दोघी सध्या एकाच खोलीत आहेत.

मी घरी फोन लावला.

“काय गं, ऑफिसात काम नाही वाटतं?”

“आई, घरी कोण आलंय?”

“तुझ्या ऑफिसातल्या बाई आल्यात. माझ्याच नावाच्या निघाल्या बघ.”

“दार कुणी उघडलं त्यांना?”

“मी कुठली उघडतेय, मला पटकन उठता येतं का? डोळा लागला होता. जागी झाले तर समोर बसलेल्या.”

“फोन दे तिला.”

फोन हातातून हातात गेला. पलीकडे तोच अडखळता श्वास…

“ऐक,” मी म्हटलं. “मी आत्ता ‘नाही’ दाबलंय आणि जन्मभर दाबणार आहे. माझ्या आईचं काहीही तुला मिळायचं नाही. ऊठ तिथून.”

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आईच फोनवर आली. “असं काय बोललीस तिला? उठून गेली ना ती.”

“बाहेर गेली?”

“नाही गं… आत गेली. तुझ्या खोलीत.”

म्हणून मी उद्यापासून रजेवर आहे. मुदतबाईंनी या वेळी हूं की चूं केलं नाही. इथे तुम्ही ‘नाही’ दाबायचं, विसरायचं नाही, कितीही टक्के दिसले तरी. घरचं मी बघते. माझ्या खोलीचं दार कालपासून आतून बंद आहे. आईला मी आजच्यापुरतं शेजारणीकडे ठेवलंय आणि त्या दारासमोर खुर्ची टाकलीय. इथून गेले की तिथेच बसणार, ती बाहेर येईल तेव्हा समोर मी असेन.

आज सकाळी निघताना आतून माझ्या कपाटाचा आवाज आला. मग हँगर सरकल्याचा… एकेक करून. माझे कपडे अंगाला लावून बघतेय. बघू दे. तिच्या मापाचे नाहीत ते.