मधलीला पोच नाही

जिन्यावरून तो वर आला तेव्हा त्याच्यामागून कागदाची लांबलचक पट्टी पायरीपायरीवर लोळत येत होती... एखाद्या राणीच्या झग्यासारखी.

"दोन्ही संगणकांच्या मध्ये बसणारं कोण आहे इथे?" त्याने दारातूनच विचारलं.

खोलीत ती एकटीच होती, आणि तीही डोळे मिटून. रोज कामाला लागण्याआधी ती घटकाभर अशी बसायची. देवाचं नाव घ्यायची, आजचं काम हातून नीट होऊ दे म्हणायची आणि मगच कीबोर्डला हात लावायची. नेम म्हणजे नेम. इस्पितळाचं छप्पर कोसळलं तरी.

"झोपलात का?"

"नाही," ती डोळे न उघडताच म्हणाली. "एक मिनिट."

तो थांबला. न खाकरता, न पाय वाजवता, खरोखरच थांबला. डोळे उघडले तर समोर पांढरा कोट, कानामागे पेन्सिल, आणि दोन्ही हातांत न मावणारे कागदाचे वेढे.

"तळघरातल्या औषधालयातून आलोय. एका आजोबांना खोकल्याचं औषध लिहून दिलंय, एक बाटली. तुमचं यंत्र सकाळपासून तेच तेच छापत सुटलंय. एवढ्या औषधात आजोबा पोहतील हो."

तिला हसू आलं. तिने ते कसंबसं गिळलं. "यंत्र माझं नाही. निरोप वॉर्डातून येतो, प्रिंटर तुमचा. मी फक्त मधली."

"मधली?"

"इकडचा निरोप घ्यायचा, तिकडे द्यायचा. आणि तुमच्याकडून पोच आली नाही, तर परत द्यायचा."

"अस्सं. म्हणजे आम्हाला पोच नाही म्हणता?"

"तसं नाही... म्हणजे, तसंच. पण त्या अर्थाने नाही!"

"मग कुठल्या अर्थाने?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. पण डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं — आणि तिचे कान तापले.

तिचं काम घरच्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं. मिडलवेअर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "भांडलेल्या जावांमधली मी." इस्पितळात दर विभागाने आपापल्या मर्जीने, आपापल्या काळात संगणक घेतले होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळेल तर शपथ. त्याच त्या खोकणाऱ्या आजोबांना वॉर्डची सिस्टीम 'रुग्ण' म्हणे, औषधालयाची 'गिऱ्हाईक', आणि प्रयोगशाळेची तर नुसतंच 'नमुना'. या सगळ्यांच्या मध्ये बसून प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगायचं, ही तिची नोकरी.

कॉलेजात ती हे शिकली म्हणतात. खरं तर घरीच शिकली होती. तिघी बहिणींतली ती मधली. ताई आणि धाकटी यांचा अबोला असला की निरोपांची ने-आण तिच्याकडे. आईबाबांचं बिनसलं की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सांग त्यांना, जेवायचं तर जेवा म्हणावं, नाहीतर राहू दे." ही बाहेर जाऊन सांगायची, "बाबा, आई जेवायची थांबलीय तुमच्यासाठी." बाबा लगेच उठायचे. शब्द बदलले तरी मजकूर तोच, असं तिचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. मात्र इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं वाहून नेता नेता तिला एक खोड लागली होती. कुणी काही बोललं की तिचं मन आधी विचारायचं, हे पुढे कुणाला सांगायचंय?

त्याच दुपारी ती तळघरात उतरली. औषधांचा तो थंड, जरासा कडसर वास, छतापर्यंत गेलेले कप्पे, आणि खिडकीशी बसलेल्या काकू. काकू तिथे इतकी वर्षं होत्या की नवे डॉक्टर आधी त्यांना नमस्कार करत.

"ही का ती कागदवाली?" काकूंनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. "बारीक आहे गं. एवढा कागद हिने छापला?"

दोष सापडायला वेळ लागला नाही. त्याच्या संगणकावर 'स्वीकारलं' असं बटण होतं. ते दाबलं की पोच परत जायची. इतर जण ते येताक्षणी दाबत. हा मात्र आधी चिठ्ठी पूर्ण वाची, रुग्णाचं वय बघे, आधीची औषधं बघे, आणि मग दाबी. तोवर वरची सिस्टीम घाबरून तोच निरोप पुन्हा पाठवी.

"न वाचताच दाबत जाऊ का?"

"नको," ती पटकन म्हणाली. इतक्या पटकन की काकूंनी मान वर केली. "वाचूनच दाबा. मी असं करते, दोन पोची ठेवते. कागद आला की यंत्र आपोआप सांगेल, 'मिळालं'. आणि तुम्ही वाचून झाल्यावर सांगायचं, 'समजलं'. मिळणं वेगळं, समजणं वेगळं."

"हे छान आहे. आणि मिळालंच नाही तर?"

"तर तीनदा पाठवायचं. तीनदा पोच आली नाही की थांबायचं. चौथ्यांदा पाठवणं म्हणजे समोरच्याला छळणं."

"तीनदा," तो हळूच म्हणाला. कानामागची पेन्सिल काढून त्याने पुन्हा कानामागेच ठेवली.

त्यानंतर रोज काही ना काही निघू लागलं. कधी गोळ्यांची नावं अर्धवट यायची, कधी मिलीलिटरचे चमचे व्हायचे. फोन वाजला की ती म्हणे, "बोला औषधवाले." पलीकडून येई, "मधल्या मॅडम, आज तुमच्या यंत्राने एका बाळाला म्हातारपणाचं औषध दिलंय." काम दोन वाक्यांचं, आणि फोन मात्र चहा गार होईपर्यंत. घरी धाकटी म्हणाली, "हल्ली तू भांडी घासताना गुणगुणतेस." आई नुसतीच हसली.

एकदा फोनवर तो म्हणाला, "वर गच्चीवर चहा बरा मिळतो म्हणे."

"हो का? छान!" ती म्हणाली. पडद्यावर तेव्हाच कुठल्याशा बिघाडाची लाल ओळ उमटली होती. बोटं तिकडे धावली.

पुढे एकदा, "रविवारी तुमच्या सिस्टीमला सुट्टी असते का हो?"

"सिस्टीमला कसली सुट्टी!" ती अभिमानाने म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र उगाच चुटपुट लागली. असं का विचारलं असेल? पण तेवढ्यात प्रयोगशाळेचा फोन आला.

आणि मग एका सकाळी, खिडकीबाहेर रिमझिम चालू होती, तो स्वतः वर आला. हातात या वेळी कागदही नव्हता. दाराशी उभा राहिला, कोटाचं बटण लावलं, काढलं...

"माझ्या आईला... तुम्हाला भेटायचंय."

ती चमकली. "का? काय होतंय त्यांना? रिपोर्ट दिसत नाहीत का?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. "तसं काही... नाही."

"काळजी करू नका. मी बघते," ती म्हणाली. आणि तिने खरंच बघितलं. तो जिना उतरेपर्यंत रुग्ण मदत कक्षाला निरोप गेलासुद्धा, औषधालयातल्या अधिकाऱ्यांच्या मातोश्रींची अडचण आहे, कृपया संपर्क साधावा. काम चोख. मनात वाटलं, किती विश्वासाने आपल्याकडे आला!

त्यानंतर फोन थांबले.

म्हणजे यायचे, पण काकूंचे. "झालं गं दुरुस्त," एवढंच, आणि खट्. सगळ्या सिस्टीम आता एकमेकींशी गोडीने बोलत होत्या. लाल ओळी उमटत नव्हत्या. इतकी शांतता की वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू यावी. तिच्या कामाचं असंच असतं. ते नीट झालं की तिची गरजच उरत नाही.

साहेबांचा फोन आला तोही याच शांततेत. "शाब्बास. आता दुसऱ्या शहरातलं मोठं इस्पितळ आपल्याकडे आलंय. पूर्ण काम तुझ्या हाताखाली. वर्षभर तरी राहावं लागेल. आज संध्याकाळपर्यंत सांग."

कधीपासून वाट बघत होती ती या निरोपाची! आणि आता हातात रिसीव्हर घेऊन नुसतीच बसली. जायचं होतंच. पण जाण्याआधी कुणीतरी काहीतरी बोलावं, असं वाटत होतं, आणि ते कुणीतरी तळघरात मूग गिळून बसलं होतं. तिने डोळे मिटले. देवा, माझं काही चुकलं असेल तर दाखव बाई... म्हणजे, दाखव रे बाबा.

तेवढ्यात फोन वाजला. मदत कक्षातली मुलगी होती. त्यांचं काम जरा सावकाशच.

"मॅडम, ती तुमची तक्रार. औषधालयवाल्यांच्या आई. मी आज बोलले त्यांच्याशी. त्या म्हणतात, त्यांची तब्येत ठणठणीत आहे. तक्रार नाहीच मुळी. त्यांना फक्त मुलगी बघायचीय."

"कुठली मुलगी?"

"ते नाही सांगितलं. मुलगा घरी रोज जिचं नाव काढतो ती, म्हणे. संगणकवाली. कुठल्या विभागाकडे पाठवू?"

बाहेरची सर संपून काचेवर ऊन आलं होतं. तिचा चेहरा गरम झाला, मग गार, मग पुन्हा गरम.

"मॅडम? कुठे पाठवू?"

"कुठे नको पाठवू," ती कशीबशी म्हणाली. "ते... माझंच आहे."

ती जिन्यावरून धावत सुटली. कोट नव्हता, पदर नव्हता, सांभाळायला काही नव्हतं. फक्त काळीज होतं, तेच तोंडात आलं होतं.

खिडकीशी काकू होत्या. तिला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि उठल्या. "मी जरा वरून येते. गुडघे दुखतात, वेळ लागेल," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता पुटपुटल्या, "एकीला पोच नाही, एकाला तोंड नाही. छान जोडी."

तो कप्प्यांपाशी पाठमोरा उभा होता.

"तुम्ही इतके दिवस फोन केला नाहीत," ती धापा टाकत म्हणाली.

तो वळला नाही. "तीनदा पाठवलं. गच्ची, रविवार, आई. पोच आली नाही की थांबायचं, समोरच्याला छळायचं नाही. तुमचाच नियम."

"तो यंत्रांचा नियम आहे हो!"

"मला वाटलं, माणसांनाही असावा. चांगला आहे."

तिला रडू यावं की हसू, कळेना. "आणि नियम अर्धाच ऐकलात. थांबलेला निरोप फेकत नाहीत. बाजूला ठेवतात. मग कुणीतरी माणूस स्वतः येऊन बघतं."

"मग?"

"मग... आलेय ना मी."

आता तो वळला. पेन्सिल कानामागून निसटून खाली पडली. कुणीच उचलली नाही.

"मी तुमच्या आईंना मदत कक्षाकडे पाठवलं," ती म्हणाली. "मला मिळालं होतं हो सगळं, तीनही वेळा. समजलं नव्हतं. मला वाटतं, माझ्याकडे जे येतं ते कुणा दुसऱ्याचंच असतं... आज समजलं. आणि मला आवडतं. म्हणजे तुम्ही. म्हणजे, वाचल्याशिवाय बटण न दाबणारे तुम्ही. त्या दिवसापासून."

त्याचा चेहरा असा उजळला की तळघरातला दिवा फिका वाटावा.

"अजून एक आहे," ती घाईने म्हणाली. आता नाही सांगितलं तर धीर सुटला असता. "मला दुसऱ्या शहरात पाठवताहेत. मोठं काम आहे. वर्षभराचं. तुम्ही थांब म्हणालात, तर..."

"तुम्हाला जावंसं वाटतंय?"

ती जरा घुटमळली. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "खूप."

"मग थांब कशाला म्हणू? मला जी आवडली ती कामात बुडालेली. दर सुट्टीला मी येईन. आईला घेऊन येईन एकदा, तिची तक्रार मिटवायला." तो थांबला आणि मग मिस्कील हसला. "फक्त तिथल्या औषधालयाशी फोनवर बोलायचं नाही. जे काय असेल ते लेखी."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिथूनच, त्याच्या टेबलावरच्या फोनवरून, तिने साहेबांना सांगितलं, "हो, जाते मी." आवाज जराही कापला नाही. मनातल्या मनात मात्र तिने हात जोडले.

फोन ठेवून ती जायला निघाली तशी मागून हाक आली, "मॅडम—"

"मॅडम नको आता."

"मग काय म्हणू?"

"तू म्हण," ती म्हणाली, आणि आपण 'म्हणा' नाही, 'म्हण' म्हटलं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

वर कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. तो ओठांवर शब्द ठेवून बघत होता, उचलतोय, ठेवतोय, पुन्हा उचलतोय...

"तू," तो शेवटी म्हणाला. मग जे पहिलं मनात आलं तेच त्याने विचारलं. "तू... जेवलीस का?"