चौदा राखणदारांची गिरणी

चंद्रावरच्या वसाहतीला चकलीची भाजणी पुरवायचं काम मिळालं तर इशानकाकांचा काय काय फायदा होणार, हे वाईत कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. वर्षभराचं दळण एकगठ्ठा. गिरणीवर नवी पाटी. शिवाय कऱ्हाडचे मेहुणेही याच कामाच्या मागे होते. त्यांचं नाक खाली होणार. हा शेवटचा फायदा काका मोजून दाखवत नसत, पण सांगताना त्यांचा आवाज नेमका इथंच गोड व्हायचा. त्यांची अकरा वर्षांची पुतणी द्वारका हिचाही त्यात वाटा होता. भाजणी घेऊन जाणारं यान उडताना बघायला काका तिला नेणार होते.

(चंद्रावरच का दळत नाहीत? तिथं गुरुत्वाकर्षण, म्हणजे खाली ओढणारा जोर, आपल्याकडच्या सहाव्या हिश्शाएवढंच. त्यामुळे उडालेलं पीठ बराच वेळ तरंगतं आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांत जाऊन बसतं. म्हणून तिकडचे लोक तयार पीठ मागवतात.)

अडचण एकच होती. दर दोन दळणांमागे एकदा काकांची गिरणी बंद पडायची.

गिरणीत काकांनी चौदा राखणदार यंत्रं बसवली होती. एक गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखायचं, एक आवाज ओळखून जाड की बारीक ते ठरवायचं, एक धान्याचा वास घ्यायचं, एक आजचं हवामान सांगायचं, आणि एक नुसतंच “पुन्हा या” म्हणायचं. पहिल्यानं ‘ठीक’ म्हटलं की दुसरं सुरू, दुसऱ्यानं म्हटलं की तिसरं. चौदाही ‘ठीक’ म्हणाली तरच जातं फिरायचं.

“प्रत्येक यंत्र शंभरात पंच्याण्णव वेळा बिनचूक. तशी हमीच आहे,” काका म्हणायचे. “माझ्या वर्गात चौदाच्या चौदा पोरं पहिल्या नंबराची! मग निकाल असा का लागतो?”

हेच कोडं होतं. काकांचं त्यावरचं उत्तरही ठरलेलं. गिरणी अडली की ते आणखी एक राखणदार आणत.

त्या दुपारी वसाहतीचा खरेदी-अधिकारी आला. तो यंत्रमानव होता. नाव पडताळे. उंची द्वारकाएवढी, आणि अंगावर बटणं फक्त तीन.

“माझी गाडी पाचला आहे,” तो म्हणाला. “त्याआधी दोन किलो भाजणी दळून दाखवा. नाही जमलं तर पुढचा मुक्काम कऱ्हाड.”

कऱ्हाड म्हटल्याबरोबर काका जात्याकडे धावले.

“आधी माझा डबा घे रे बाबा,” रांगेत पहिल्या असलेल्या पल्लवीआजी म्हणाल्या. “माझीही भाजणीच आहे. तीच दाखव पाहुण्याला.”

पण आजींना सर्दी झालेली. आवाज ओळखणाऱ्या यंत्रानं तीनदा “आपण कोण?” विचारलं आणि लाल दिवा लावला.

“चाळीस वर्षं दळण टाकते इथं, आणि हे डबडं मला कोण म्हणून विचारतं!” आजी कडाडल्या.

दुसऱ्या खेपेला आजींचा आवाज जुळला, पण वास घेणारं यंत्र पडताळेच्या वंगणाच्या वासानं बिथरलं. काका म्हणाले, “पंधरावं आणायला हवं. या चौदांवर नजर ठेवायला.”

द्वारकानं मात्र पोलिसासारखी एकेका यंत्राची उलटतपासणी घेतली. बिघाड कुठंच सापडेना.

“चोर एकही नाही,” ती हिरमुसून म्हणाली, “आणि चोरी तर रोज होते.”

“मग चोर मोजायचे सोड. दारं मोज,” पडताळे म्हणाला. “शंभर हरभरे आण.”

तिनं डब्याच्या झाकणावर हरभरे मोजून ठेवले.

“ही शंभर दळणं. पहिल्या यंत्रापाशी किती अडतील?”

“पाच.” तिनं पाच बाजूला काढले. “उरले पंच्याण्णव.”

“आता दुसरं यंत्र. त्याच्याकडे पंच्याण्णवच आले. त्यातलेही शेकडा पाच, म्हणजे जवळजवळ पाचच अडणार.”

“नव्वद!” द्वारका थबकली. “म्हणजे नव्यानं अडलेले आधीच्या अडलेल्यांत भर घालतात?”

“करत राहा.”

पाचव्या यंत्रानंतर सत्याहत्तर उरले. दहाव्यानंतर साठ. चौदाव्यानंतर झाकणावर होते एकोणपन्नास.

काका वाकून बघतच राहिले. “अर्धेसुद्धा नाहीत?”

“याला साखळीची विश्वासार्हता म्हणतात (सगळ्या कड्या एकाच वेळी टिकतील याची शक्यता),” पडताळे म्हणाला. “तुमची पोरं हुशारच आहेत, काका. पण एका दळणात चौदांपैकी एकानंही चुकायचं नाही, अशी तुमची अट आहे. पंधरावं आणलंत तर आणखी दोन-तीन हरभरे जातील.”

“मग सगळीच काढून टाकू!” द्वारका टुणकन उठली. तिनं पाणी प्यायला बाटली घेतली. बाटलीला दिवा होता, कुलूप होतं, घड्याळ होतं आणि झाकण उघडायला चार खटके होते. एक खटका सकाळपासून अडकला होता. तिनं पडताळेकडे पाहिलं आणि मुकाट्यानं माठातून पाणी घेतलं.

“सगळी नको,” तो म्हणाला. “सोपं करणं वेगळं आणि नुसतं ओरबाडणं वेगळं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार. हे नसलं तर पीठ बिघडेल का?”

मग उलटतपासणी नव्यानं सुरू झाली. हवामान सांगणारं गेलं. चेहरा ओळखणारं गेलं, कारण काकांना डोळे होते. “पुन्हा या” म्हणणाऱ्याजवळ काका जरा घुटमळले.

“याचा आवाज किती गोड आहे!”

“तुझाही बरा आहे की,” पल्लवीआजी म्हणाल्या. “वापर कधीतरी.”

शेवटी तीन उरली. वजनकाटा, जातं तापलं की थांबवणारं, आणि धान्यात लोखंड सापडलं की थांबवणारं लोहचुंबक. द्वारकानं हरभरे पुन्हा मांडले. तीन दारांनंतर शंभरातले शहाऐंशी उरले.

साडेचार वाजले होते. काकांनी घाईघाईनं पाना-पेचकस चालवला, अकरा यंत्रं काढली, वायरी जोडल्या आणि आजींची भाजणी ओतली. जातं घरघरलं, खमंग वास सुटला... आणि गिरणी खट्कन थांबली.

काकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं त्यांना मेहुणे हसताना दिसले असावेत.

द्वारकानं चुंबकाचा कप्पा उघडला. आत एक इवलासा स्क्रू होता. काकांनी नुकत्याच काढलेल्या यंत्रातलाच!

“हा पिठात गेला असता,” पडताळे म्हणाला, “तर चंद्रावर कुणाचा तरी दात गेला असता. आमच्याकडे दाताचा डॉक्टर एकच आहे, आणि तोही चकलीचा भोक्ता.”

स्क्रू काढला, गिरणी सुरू झाली. पाचला दहा मिनिटं असताना दोन किलो भाजणी पिशवीत होती. पडताळेनं चिमूटभर चाचणीकप्प्यात घातली आणि मधलं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. काम काकांना मिळालं.

निघताना तो द्वारकाला म्हणाला, “पीठ न उडवणारं जातं चंद्रासाठी अजून कुणी केलेलं नाही. जे आले त्यांनी दोनशे भागांची यंत्रं आणली.”

“किती भागांत व्हायला हवं?”

“ते तू सांगायचं.”

त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत द्वारका रस्त्यावर काठीनं गोल आखत बसली. गोलात गोल, आणि त्यावर झाकण.

आत काका अकरा यंत्रं पोत्यात भरत होते. “केवढे पैसे घातले मी यांच्यात!”

“तू फक्त विकत घेतलीस,” पल्लवीआजी डबा उचलत म्हणाल्या. “या आठवड्यात माझ्या तीन दुपारी इथं गेल्या. रांगेत माझ्या मागं असलेल्या सुजाताच्या दोन. तिच्या मागचीला विचार.”

काकांनी विचारलं. मग तिच्या मागचीला, आणि तिच्याही मागचीला. रांग दारापर्यंत होती. त्या दिवशी त्यांनी कुणाकडूनही दळणाचे पैसे घेतले नाहीत. तरीही हिशेब बरोबर येईना. यंत्रांचे पैसे काकांनी भरले होते, पण त्यांची खरी किंमत या बायकांनी आपल्या दुपारी घालवून मोजली होती.