पत्रिका आणि डोसचा कागद

“हा बॅज घरी आणायचा नसतो.”

चोपड्याच्या फेरीबोटीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी हे का सांगितलं, कोण जाणे. त्याने शर्टाच्या खिशाला लावलेल्या रेडिएशन मोजायच्या बॅजकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“लॅबमधून थेट बस पकडली… पण तुमका कसं कळलं?”

“माझे पपा लावायचे. एक्स-रे काढायचे ते. गेल्या वर्षी गेले.”

 वाऱ्याने उलटी झालेली माझी छत्री त्याने हलकेच सरळ करून दिली.

गोव्याला घटकराज्य होऊन वर्ष झालं होतं. जयराम मूळचा कोरगावचा, मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरीला. अंतराळवीरही अंगावर रेडिएशन मोजायच्या अशाच छोट्या चकत्या लावतात, म्हणाला. परत आल्यावर त्या तापवायच्या. जितकं रेडिएशन लागलेलं, तितक्या उजळतात.

“पृथ्वीभोवती वरच्या एका दिवसात आमच्या कोरगावच्या दोन-तीन महिन्यांएवढं लागतं.”

“म्हणजे कोरगावात बरं.”

“कोरगावात डास आसत.”

मी हसले… वर्षभरात पहिल्यांदा.

मग पत्रं सुरू झाली. चवथीला तो पेडण्याला आमच्या घरी आला, पत्रिका जुळली, तरी मी होकार देईना.

“आता आणखी काय व्हया गो तुका, विनू?” आईने विचारलं.

तिला कसं सांगू? पपा बॅज ड्रॉवरात ठेवून काम करत. आकडा वाढला तर एक्स-रेच्या खोलीतून काढतील, ही भीती. रिपोर्ट कायम शून्य. रक्ताचा आजार झाला तेव्हा हे कळलं. पुन्हा तसा माणूस मला झेपला नसता.

“मला तुमचा डोसचा कागद बघायचाय, बॅजच्या आकड्यांचा,” मी जयरामला म्हटलं.

“लोक पगार विचारतात,” तो हसला. पण दिवाळीला कागद आणला.

वर्षाच्या चार तिमाह्या. तीन तिमाह्यांपुढे बारीकसे आकडे. एकीपुढे शून्य.

मी शून्यावर बोट ठेवलं. “हे…?”

“बॅज ड्रॉवरात होता,” तो खाली बघत म्हणाला. “अंतराळातून आलेल्या चकत्या मोजायला एकाला परदेशी पाठवणार होते. आकडा वाढला असता तर माझं नाव गळलं असतं.”

“आणि निवड?”

“झाली. पुढच्या महिन्यात जायचंय.”

मी कागदाची घडी घातली. “आई दिवाळीचे फोव आणतेय. खा… आणि जा.”

तो उठला नाही. “पपांना तू कधी विचारलं होतंस?”

“नाही.”

“तू मला विचारलंस, म्हणून सांगितलं.”

 मग त्याने माझ्याकडे कोरा कागद मागितला. साहेबांना चार ओळी लिहिल्या: त्या तिमाहीचं रीडिंग खरं नाही, बॅज अंगावर नव्हता. खाली सही. अक्षर वाकडं आलं होतं.

पोस्टापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. पेटीपाशी त्याचा हात अडला.  ‘टाका’ म्हणायचं नाही, असं ठरवूनच मी आले होते. त्याने पाकीट सोडलं.

“वाईट वाटतंय तुला?” मी विचारलं. त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं.

“खूप,” तो म्हणाला. “जरा थांबशील माझ्याजवळ?”

समोरून म्हापशाची बस सुटली, त्याला परत जायला पकडायची होती ती. मी थांबले.