हातावर पाणी घालणारी

अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या शब्दाला काडीचा भाव नाही. पाहुण्याच्या जोड्यात बेडूक सोडणारा, जावयाच्या चहात मीठ टाकणारा माणूस मी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

पण ही मस्करी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची शपथ घेऊन सांगतो. कारण हे तिच्यासोबतच घडलं.

आणि हो, अमावास्या, पिंपळ, मध्यरात्र... सगळं डोक्यातून काढून टाका.

हे घडलं भर दुपारी. सत्तावन्न सालचा वैशाख. अमरावतीजवळचं वलगाव.

सिंधूताई तेव्हा अमरावतीत राहायची. नवरा वारलेला, पदरात एक लहान पोरगी, अनुपमा. ताई घरोघर जाऊन नर्सचं काम करायची. जास्त करून क्षयाचे रोगी. त्यांना इंजेक्शन द्यायचं, पाठ पुसायची, थुंकीच्या डब्यात फिनेल टाकायचं.

तिच्याबरोबरची एक नर्स हेच काम करता करता खंगून गेली होती. जाताना आपल्या पोरालाही तो रोग देऊन गेली.

तेव्हापासून ताईनं नेम धरला. रोग्याच्या घरचं पाणी नाही, चहा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. निघताना पिशवीतला लाल साबण काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. घरी गेल्यावर लुगडं बदलल्याशिवाय पोरीला जवळ घ्यायचं नाही.

आमच्या वऱ्हाडात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे घरावर थुंकण्यासारखं. लोक तोंडावर बोलायचे, "मोठी सोवळ्याची लागून गेली!"

टांगेवाला डोमाजी तर रोज छेडायचा.

"बाई, उद्या तुमाले भूत भेटलं न, त त्याले बी म्हनसान, आधी हात धू!"

"म्हणीन ना. अन् तुझ्या घोड्यालेही म्हणीन. चाल, उन्हं चढून राहिली."

वलगावात खुशालरावांची म्हातारी आई चतुराबाई क्षयानं पडली होती. खुशालराव दुपारी वावरात असायचे. डोमाजी टांगा लिंबाखाली सोडून झोपायचा, आणि ताई एकटी आत जायची.

खिडकी उघडायची. "तोंडावर फडकं धरा, आजी." इंजेक्शन. मग मागच्या अंगणातली न्हाणी.

न्हाणी म्हणजे काय, एक सपाट दगड आणि आडोशाला पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कूड. कुडापलीकडे पाण्याचा रांजण.

पहिल्याच दिवशी ताईनं साबण लावला आणि तिच्या ध्यानात आलं... दोन्ही हात फेसानं भरलेले. पाणी कोण घालणार?

तेवढ्यात कुडाआडून एक हात आला.

हिरव्या बांगड्या. मनगटावर गोंदलेली तुळस. हातात पितळी गडवा.

बारीक धार ताईच्या हातावर पडली.

ताईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घरची सून असेल. सासू आत पडलेली, परकी बाई आलेली. सून आडोशाला राहते, तोंड उघडत नाही. कुठल्याही घरात असंच. ताई रोज म्हणायची, "बरं झालं बाई, आली ती." पलीकडून उत्तर यायचं नाही. फक्त बांगड्या वाजायच्या.

पण पाणी... पाणी फार थंड होतं.

बाहेर लू चाललेली, दगडावर पाय ठेववत नाही. आणि त्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची.

एकदा ताई घाईत होती. हात चटकन झटकून उठायला गेली...

धार थांबली नाही.

ताईनं हात मागे घेतले. धार मागे आली.

तिनं खाली पाहिलं. बोटांच्या बेचक्यात फेस राहिला होता. तो नीट चोळून काढला, तशी धार तुटली.

"माझ्यापेक्षा तुम्हीच कडक आहात व बाई!" ताई हसली.

कुडामागे फक्त बांगड्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी जाताना तिनं सहज कुडापलीकडे डोकावलं. कोणी नव्हतं. रांजणावर झाकण. झाकणावर धुळीचा थर...

बोट न लागलेला.

ताई थबकली. मग स्वतःलाच म्हणाली, दुसरा रांजण असेल कुठं तरी. काम सोडून चालण्यासारखं नव्हतं. आणि त्याच सुमारास तिला खोकला लागला होता. धुळीचाच असेल. पण ती अनुपमाला आत निजवून आपण अंगणात निजायची. पोरगी रडायची, "आई, माह्याजवळ ये न." ताई तोंडावर पदर धरून पडून राहायची.

चतुराबाई मात्र सुधारत गेली. ताप उतरला, भाकर जाऊ लागली. शेवटचं इंजेक्शन झालं त्या दुपारी खुशालरावही घरी थांबले होते. ताईला लुगडं द्यायचं होतं.

उन्हानं ताईचा जीव चाललेला. जीभ टाळूला चिकटलेली. आणि आपली पाण्याची बाटली तर ती टांग्यातच विसरली होती.

चतुराबाईनं आपल्या फुलपात्रातून घोटभर पाणी घेतलं, काठ पदरानं पुसला आणि तेच फुलपात्र पुढं केलं.

"घे व पोरी. आता त मी बरी झाली. माह्या हातचं पी."

"नको आजी, खरंच..."

"प्या न बाई," खुशालराव म्हणाले. "तुमी कोरड्या तोंडानं गेल्या त आमाले लय वाईट वाटते."

ताई पाण्याकडे पाहत राहिली. एक घोट. म्हातारी बरी झाली आहे. एका घोटानं काय होतं?

तिनं फुलपात्र घेतलं. ओठाला लावलं. तिरपं केलं...

काहीच आलं नाही.

आत पाहिलं. कोरडं. ठणठणीत कोरडं.

"मस्करी करता का आजी?"

"मस्करी काहून करू व? भरून त दिलं तुले!"

म्हातारीनं माठातून पुन्हा भरलं. या वेळी ताईनं डोळ्यांनी पाहिलं. काठोकाठ पाणी. हातात घेतलं तेव्हा जडही लागलं.

ओठाजवळ नेलं, आणि ते हलकं झालं.

कोरडं.

त्याच वेळी मागे, न्हाणीच्या दगडावर... धार पडल्याचा आवाज आला.

ताईला हायसं वाटलं. चला, सूनबाई आहे तिकडं. ती म्हणाली, "आजी, तुमच्या सुनेलाच सांगा ना पाणी आणायला. रोज माझ्या हातावर घालतात बिचाऱ्या."

खुशालरावांनी चमकून न्हाणीकडे पाहिलं.

"कोनती सून?" खुशालरावांचा आवाज बदलला होता.

"हिरव्या बांगड्या घालतात त्या. मनगटावर तुळस गोंदलेली."

खुशालरावांनी हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"जमुना... माही बायको होती ते. मांगच्या वर्षी गेली. हाच रोग."

चतुराबाईच्या हातातून तांब्या पडला. ती कोणालाच उद्देशून न बोलता पुटपुटू लागली.

"माहं करता करता गेली व ते... म्हने मामी, माहं ताट अलग करू द्या, मले हात धुऊ द्या... मी म्हनलं, सासूच्या उष्ट्याची किळस येते का तुले? माह्याच ताटात बसवलं तिले. रोज. माह्याच फुलपात्रातून पाजलं..."

बाहेर धार थांबली.

बांगड्या वाजल्या. न्हाणीत नाही... अंगणात.

मग दारात.

दारात कोणी दिसत नव्हतं. पण उंबरठा ओला होत होता.

आणि चतुराबाई किंचाळली.

तिच्या हातांवर पाणी पडत होतं. वरून, कुठूनच नाही... एक बारीक धार. म्हातारीनं हात पाठीमागे लपवले. धार पाठीमागे गेली. हात पदरात गुंडाळले, तर पदर चिंब.

"धुतले न व जमुना! धुतले न! आता धुतले!"

खुशालराव हात जोडून भिंतीला टेकले होते. ताई तिथून कशी निघाली, तिला आजही सांगता येत नाही. लुगडं राहिलं, साबण राहिला. डोमाजीनं तिचं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदाच एक शब्द न बोलता टांगा हाकला.

चतुराबाई पुन्हा क्षयानं पडली नाही. पण दिवसभर न्हाणीत बसून हात धूत राहायची. कातडी सोलून निघाली तरी उठायची नाही. दिवाळीच्या आत गेली. तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बाया सांगत होत्या, मढ्याचे हात ओलेच होते... कितीही पुसले तरी.

ताईचा खोकला आपोआप गेला. अनुपमा ठणठणीत राहिली. ताईनं ते काम पुढंही चालू ठेवलं, नेमही ठेवला.

पण गोष्ट तिथं संपली नाही.

काही वर्षांनी ताई बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरात एका मैत्रिणीकडे गेली होती. मैत्रीण धडधाकट, हसतमुख. रोग्याचं घर नाही म्हणून ताईनं तिच्या हातचं पाणी घेतलं. पेला ओठाला लावला...

कोरडा.

ताईनं तिला त्याच दिवशी ओढत नेऊन छातीचा एक्स-रे फोटो काढायला लावला. मैत्रीण वाटभर हसत होती. फोटो आल्यावर हसली नाही. लवकर कळलं म्हणून वाचली.

आता का सांगतोय ते ऐका.

गेल्या आठवड्यात ताई अकोल्याला माझ्याकडे आली होती. दुपारची वेळ. माझी बायको माहेरी, घरात आम्ही दोघंच. मी माठातून पेला भरला, चांगला काठोकाठ, आणि तिच्या हातात दिला.

ताईनं तो ओठाला लावला. मग खाली घेतला. आत पाहत राहिली.

"वसंता, जलमभर मस्कऱ्या केल्या. आता म्हाताऱ्या बहिणीले रिकामा पेला देतो का रे?"

ती हसत होती.

मी हसलो नाही.

मी पेला भरला होता. देवाशपथ भरला होता.

माझं तोंड पाहून तिचंही हसू उतरलं. तिनं पेला माझ्यापुढं तिरपा केला, ठणठणीत कोरडा. 

आणि मागं, माझ्या न्हाणीत, जिथं कोणीच नव्हतं...

बांगड्या वाजल्या.

उद्या छातीचा फोटो काढायला जातोय. खोकला तसा नाही मला. थोडासा आहे, सकाळचा.